पोर्ट बावीस

रविवारी रात्री नऊला महापेच्या गेटवर
मढवींनी रजिस्टर पुढे सरकवलं.
नाव, कंपनी, वेळ, कोणाला भेटायचंय.
सहा महिने हेच.
त्यांच्याच थर्मासातला चहा पिते मी,
पण नाव लिहिल्याशिवाय साखळी खाली पडत नाही.
शेवटच्या रकान्यात मी लिहिते : स्विच.
ते वाचतात, मान डोलावतात, साखळी सोडतात.

तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत,
चोवीस भोकांचं एक खोकं.
इतके दिवस कुणालाही आत घ्यायचं,
आज त्याला ओळख पाळायला शिकवायचं.
माणसांची नाही, पत्त्यांची :
बारा अक्षरी, कारखान्यातच कोरलेले,
लग्नानंतरही न बदलणारे.

एका भोकाला एकच.
पहिला जो बोलेल तो घरचा.
दुसरा आला की दार बंद, आतून कडी,
मी सांगेपर्यंत उघडायचं नाही.
याला स्टिकी म्हणतात.
आमच्याकडे फणस कापताना हाताला तेल चोळतात,
इथे तशी सोय नाही. चिकटलं ते चिकटलं.

नऊ नंबरवर सामंतबाईंचं यंत्र अजून चालू.
बाई मार्चमध्ये निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेल्या,
यंत्र मात्र दर चार मिनिटांनी
भंगारात गेलेल्या प्रिंटरला हाक मारतं.
त्याचा पत्ता पुसायचा होता.
दोनदा कमांड लिहिली, दोनदा खोडली.
मग पुसला.

अकरा बारा झाले होते, तेवढ्यात पडद्यावर लाल ओळ :
पोर्ट बावीस, अनोळखी पत्ता, बंद.
बावीस म्हणजे खालचं रिसेप्शन.
पहिल्यांदा, खरं सांगते, आनंदच झाला.
चालतंय की!

खाली गेले.
रिसेप्शनच्या संगणकाची वायर उपटून
जुन्या लॅपटॉपला जोडलेली,
समोर मढवींची रुचिता, मांडीवर मार्कशीटचा गठ्ठा,
आणि मढवी उभे, टोपी हातात.
"नेट गेला, मॅडम. घनसोलीला सांजपासून लाइट नाय.
पोरीचा नर्सिंगचा फॉरम, बारा वाजेपरेन."

लॉगमध्ये पत्ता होताच.
तरी म्हटलं, मशीन उलटं करा, खालचा नंबर वाचा.
का म्हटलं, ठाऊक नाही.
कदाचित सहा महिन्यांच्या सह्या हातात साठल्या होत्या.

त्यांनी टॉर्च पेटवला.
गाड्यांचे नंबर वाचायची सवय, तसंच वाचलं :
पाच, चार, ई, ई, सात, पाच...
आठ की बी, यावर अडले,
चष्मा वर केला,
रुचितानं हळूच सांगितलं, "बी, बाबा."

वर धावले. नियम मोडला नाही, वाकवला.
बावीसला पाहुण्यांच्या गल्लीत टाकलं,
जिथून बाहेरचा रस्ता दिसतो
पण आमच्या कपाटांच्या किल्ल्या दिसत नाहीत.
कडी लावून पुन्हा काढली. दिवा नारिंगी,
नारिंगी,
हिरवा.
वर्णनाच्या जागी लिहिलं : मढवी, फॉर्म, आजपुरतं.
घड्याळात अकरा सव्वीस.

बारा वाजून पाच मिनिटांनी बावीस पूर्ववत केलं.
रिसेप्शनच्या संगणकाला त्याची जागा परत.
दोघांमध्ये कोण येऊन गेलं, हे फक्त लॉगला माहीत,
आणि तो लॉग सकाळी देशपांडेसाहेब वाचतील.
वाचू देत.

निघताना रजिस्टर उघडंच होतं.
माझ्या नावाखाली मढवींच्या अक्षरात एक ओळ :
लॅपटॉप, काळा, जुना, सोबत मुलगी.
आत : १०.५०. बाहेर : १२.१०.
परवानगी कोणाची, तो रकाना कोरा.

मला हाक मारण्याच्याही आधी
त्यांनी स्वतःच्या पोरीची नोंद केली होती.

पेन दोरीला बांधलेलं होतं, दोरी आखूड.
वाकून सही केली.